मलमाने गुण आला, पण कोणाच्या तुलनेत?

मोबाइलवर जाहिरात येते. डावीकडे डागांनी भरलेला चेहरा, उजवीकडे तोच चेहरा तुकतुकीत. खाली एक ओळ असते, ‘वैद्यकीय चाचणीत सिद्ध’. घरात कोणाला वांग असतात, कोणाला मुरमे, कोणाच्या तान्ह्या बाळाला इसब. क्रीम महाग असले तरी ‘सिद्ध’ हा शब्द वाचला की हात खिशाकडे जातो.

अशी जाहिरात दर वेळी खोटीच असते असे नाही. चाचणी खरोखर झालेली असते, माणसे खरी असतात आणि पुष्कळदा आकडेही खरे असतात. तरीही त्या आकड्यांतून आपल्यापर्यंत पोहोचवलेला निष्कर्ष दिशाभूल करणारा असू शकतो. हे कसे घडते हे समजायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही, एक साधा प्रश्न पुरतो. त्या प्रश्नाची एक जुनी गोष्ट तंजावरला सापडते, तिथूनच सुरुवात करू या.

तंजावरची गोळी

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७० च्या दशकात कावेरीकाठच्या तंजावरवर भोसल्यांचे राज्य उभे केले. या राज्यात तमिळ, तेलुगू, मराठी आणि संस्कृत अशा चार भाषांतून विद्या नांदल्या, त्यांत वैद्यकही होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस या गावाचे नाव घेऊन एक औषध दक्षिणेत सगळीकडे गाजत होते, ‘तंजावरची गोळी’. साप चावला की ही गोळी द्यायची आणि माणूस वाचतो, अशी तिची ख्याती होती. केवळ गावकरीच नव्हे, तर मद्रास इलाख्यातले इंग्रज डॉक्टरही तिच्याबद्दल बोलत.

त्याच काळात पॅट्रिक रसेल नावाचे स्कॉटिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्गतज्ज्ञ म्हणून या भागात काम करत होते. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा त्यांचा ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध झाला. विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता, हे त्यांनी कुत्र्यांवर आणि कोंबड्यांवर प्रयोग करून तपासले. सर्पदंशावरच्या औषधांचे दावेही तपासले, त्यांत ही गोळी होती. तिच्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचे विष होते.

मग लोक वाचत कसे होते? उत्तर सोपे आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे साप चावलेल्यांपैकी पुष्कळ जण गोळी न घेताही जगणारच असतात. पण ज्याने गोळी घेतली आणि जो जगला, तो आयुष्यभर गोळीचे गुण गातो. ज्याने गोळी घेतली आणि जो गेला, तो काही सांगायला येत नाही. आणि ज्याने गोळी न घेताही प्राण वाचवले, त्याला कोणी विचारतच नाही.

सोमलाची गोष्ट सापापाशी संपत नाही, ती त्वचेपर्यंत येते. १७८६ मध्ये इंग्लंडच्या थॉमस फाउलर यांनी सोमलाचा एक द्रव तयार केला. पुढे शंभरहून अधिक वर्षे डॉक्टर तो सोरायसिससारख्या त्वचारोगांवर पोटात देत राहिले. गुण येतही असे, चट्टे कमी होत. पण १८८० च्या दशकात लंडनचे शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांच्या लक्षात आले की दीर्घकाळ सोमल घेतलेल्या रुग्णांच्या तळहातांवर आणि तळपायांवर कडक गाठी येतात आणि काहींना त्वचेचा कर्करोग होतो. सोमल आणि त्वचेचा कर्करोग यांचे नाते आज सर्वमान्य आहे.

तंजावरची गोळी आणि फाउलरचा द्रव यांतून दोन प्रश्न शिकायला मिळतात. पहिला, ज्यांनी औषध घेतले नाही त्यांचे काय झाले? दुसरा, पुरेसे दिवस थांबून पाहिले का? आजची ‘सिद्ध’ झालेली बरीच क्रीमे नेमकी याच दोन प्रश्नांवर अडखळतात.

त्वचा आपणहून बरी होते

इसब, मुरमे, सोरायसिस, अंगावर उठणारे पित्त या सगळ्यांचा एक स्वभाव असतो. ते वाढतात, कमी होतात, पुन्हा वाढतात. आपण मलम आणायला केव्हा जातो? खाज अगदी सहन होईना, तेव्हा. म्हणजे त्रास शिखरावर असताना. शिखरावरून रस्ता बहुधा खालीच जातो. त्यामुळे मलम लावले काय किंवा न लावले काय, पंधरा दिवसांनी पुष्कळांना बरे वाटणारच असते. श्रेय मात्र हातात असलेल्या ट्यूबला मिळते.

त्यात ऋतूची भर पडते. जानेवारीत नागपूरच्या थंडीत तडतडलेली त्वचा मार्चमध्ये आपोआप मऊ होते. तंजावरच्या दमट हवेत घामाने उठलेली पुरळ पावसाळा सरला की ओसरते. शिवाय चाचणीत भाग घेणारी व्यक्ती एरवीपेक्षा जास्त काळजी घेते, साबण बदलते, उन्हात टोपी घालते. आणि कुठलेही साधे क्रीम, त्यात औषध नसले तरी, त्वचेत ओलावा धरून ठेवते आणि बारीक सुरकुत्या थोड्या भरून आल्यासारख्या दिसतात.

म्हणूनच चांगल्या चाचणीत दोन गट करतात. कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात. एका गटाला खरे क्रीम देतात, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण औषधी घटक नसलेले क्रीम. कोणाला काय मिळाले हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही नसते. शेवटी एकच गोष्ट पाहायची असते, पहिला गट दुसऱ्या गटापेक्षा किती पुढे गेला. पहिला गट स्वतःच्याच जुन्या फोटोपेक्षा किती पुढे गेला, याला फारसा अर्थ नाही.

हे ऐकायला सोपे वाटते. पण मोठमोठ्या नियतकालिकांतही इथेच घसरगुंडी होते.

दहावीचा निकाल आणि सुरकुत्यांचे क्रीम

एका घरातली दोन भावंडे दहावीला बसली असे समजू या. गणितात भावाला ३६ गुण मिळाले, बहिणीला ३४. पास व्हायला ३५ हवेत. निकाल सांगणारा म्हणाला, “मुलगा पास, मुलगी नापास, म्हणजे मुलगा गणितात हुशार आणि मुलीला गणित येत नाही.” आपण काय म्हणू? “अहो, फरक दोन गुणांचा आहे!” एक पास आणि एक नापास म्हणजे दोघांत मोठा फरक, असे होत नाही. फरक पाहायचा तर दोघांचे गुण शेजारी ठेवून पाहावे लागतात.

आता खरे उदाहरण पाहू. ब्रिटनमधील बूट्स कंपनीच्या नंबर सेव्हन या सुरकुत्यांवरच्या क्रीमची २००७ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात स्तुती झाली आणि दुकानांत झुंबड उडाली. २००९ मध्ये त्याच मालिकेतल्या एका क्रीमची चाचणी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’ या प्रतिष्ठित नियतकालिकात आली. ६० जणांचे दोन गट होते, एकाला ते क्रीम, दुसऱ्याला औषधी घटक नसलेले. कोणाला काय दिले हे गुप्त ठेवले होते. सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत इतकी काळजी क्वचितच घेतली जाते, हे मान्य करायला हवे.

सहा महिन्यांनी निकाल आला. खरे क्रीम लावणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या सुरकुत्या कमी दिसल्या, साधे क्रीम लावणाऱ्यांपैकी २२ टक्के लोकांच्या. अहवालात खऱ्या क्रीमच्या गटाची तुलना त्याच गटाच्या सुरुवातीच्या स्थितीशी केली होती, तिथे सुधारणा संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली. साध्या क्रीमच्या गटाची तुलनाही त्याच्याच सुरुवातीशी केली होती, तिथे ती उतरली नाही. एक पास, एक नापास. बातम्यांत गाजावाजा झाला तो ‘सिद्ध झालेल्या’ क्रीमचा.

यॉर्क विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड यांनी त्याच वर्षी ‘सिग्निफिकन्स’ या मासिकात यावर बोट ठेवले. त्यांचा आक्षेप आपल्या दहावीच्या गोष्टीसारखाच होता. दोन गट प्रत्येकी आपल्याच सुरुवातीशी ताडून चालत नाही, ते एकमेकांशी थेट ताडायला हवेत. तसे ताडले तर गटात साधारण तीस-तीस माणसे असताना दिसलेला एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. म्हणजे क्रीम निरुपयोगी आहे असे सिद्ध झाले नाही, पण ते उपयोगी आहे असेही सिद्ध झाले नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. साधे क्रीम लावणाऱ्यांपैकीही २२ टक्के लोकांच्या सुरकुत्या कमी दिसल्या होत्या. जाहिरातीत फक्त पहिला आकडा दिला आणि दुसरा गाळला, तर आकडा खरा राहूनही वाचकाची फसवणूक होते.

बाळाच्या मालिशची गोष्ट

आपल्याकडे बाळ जन्मले की तेलाने मालिश आलीच. त्वचा मऊ राहिली तर इसब होणार नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. यावर झालेल्या दोन चाचण्या पाहण्यासारख्या आहेत.

२०१४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १२४ नवजात बाळांवरची एक लहान चाचणी प्रसिद्ध झाली. या बाळांच्या घरात कोणाला तरी इसब, दमा किंवा तत्सम ॲलर्जी होती. काहींना जन्मापासून रोज त्वचा मऊ ठेवणारे मलम लावले, काहींना नाही. सहा महिन्यांनी मलम न लावलेल्यांपैकी ४३ टक्के बाळांना इसब झाला होता, लावलेल्यांपैकी २२ टक्के बाळांना. योगायोग पाहा, आकडे वरच्या क्रीमचेच! ‘रोज मलम लावा, इसबाचा धोका निम्मा’ असा मथळा करायला हे पुरेसे होते.

पण संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले. ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांवर मोठी चाचणी केली. वर्षभर रोज मलम, आणि दोन वर्षांच्या वयाला तपासणी. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. मलम लावलेल्यांपैकी २३ टक्के मुलांना इसब होता, न लावलेल्यांपैकी २५ टक्के मुलांना. फरक जवळजवळ नाहीच. उलट मलम लावलेल्या बाळांत त्वचेचे संसर्ग काहीसे जास्त आढळले.

पहिल्या चाचणीत कोणी लबाडी केली नव्हती. ती लहान होती, थोड्या काळाची होती, आणि ती सुरुवातीची चाचणी आहे हे संशोधकांना ठाऊक होते. लहान चाचणीत नशिबाचा वाटा मोठा असतो. चार वेळा नाणे उडवले आणि चारही वेळा छापा पडला तर कोणी चकित होत नाही, चाळीस वेळा उडवून चाळीस छापे पडले तर मात्र नाणे तपासावे लागते. पहिल्या चाचणीचा मथळा घरोघरी पोहोचतो, दुसरीचा बहुधा पोहोचत नाही.

इथे एक खुलासा गरजेचा आहे. ही चाचणी इसब होऊ नये म्हणून मलम लावण्याबद्दल होती. ज्या बाळाला इसब झालेलाच आहे, त्याची त्वचा मलमाने मऊ ठेवणे हा आजही उपचाराचा भाग आहे. तो डॉक्टरांना न विचारता थांबवू नका.

वीस नेम, एक लागला

त्वचेच्या चाचणीत मोजायच्या गोष्टी असंख्य असतात. लाली, खाज, कोरडेपणा, सुरकुत्यांची खोली, डागांची संख्या, डागांचा गडदपणा, तेलकटपणा, रुग्णाचे समाधान, डॉक्टरांचे मत. हे सगळे दुसऱ्या आठवड्याला, चौथ्या आठवड्याला आणि आठव्या आठवड्याला मोजता येते.

संख्याशास्त्रातली नेहमीची कसोटी अशी असते की क्रीम पूर्ण निकामी असले तरी वीसपैकी एकदा ते योगायोगाने ‘पास’ होऊ शकते. आता वीस वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या तर त्यांतली किमान एक तरी नुसत्या योगायोगाने ‘पास’ होण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग जाहिरातीत तेवढी एकच गोष्ट येते, ‘चार आठवड्यांत तेलकटपणा कमी’. उरलेल्या एकोणीस गोष्टींचे नाव कोणी काढत नाही. जत्रेत वीस नेम धरून एक फुगा फोडला आणि घरी येऊन फक्त त्या एकाच नेमाबद्दल सांगितले, तसा हा प्रकार.

म्हणून प्रामाणिक संशोधक चाचणी सुरू होण्याआधीच जाहीर करतात की आमची मुख्य कसोटी ही. ती कसोटी हुकली तर चाचणी हुकली. पण हुकलेली चाचणी सांगतानाही शब्दांची कलाकुसर केली जाते. २०१० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात इझाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी अशा ७२ चाचण्यांचे अहवाल तपासले, ज्यांच्या मुख्य कसोटीवर फरक सिद्ध झाला नव्हता. त्या निरनिराळ्या आजारांवरच्या होत्या. त्यांपैकी ४२ अहवालांच्या सारांशातला निष्कर्ष उपचाराला अनुकूल वळण देऊन लिहिलेला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि बहुतेक लोक, पुष्कळदा डॉक्टर आणि पत्रकारसुद्धा, सारांशापलीकडे वाचत नाहीत.

आणखी एक युक्ती गळालेल्या लोकांची. समजा १०० जणांनी क्रीम सुरू केले. चेहऱ्याची आग होऊ लागली म्हणून ४० जणांनी ते सोडले. उरलेल्या ६० पैकी ३० जणांना बरे वाटले. जाहिरात म्हणेल, ‘निम्म्या लोकांना फायदा’. खरे उत्तर आहे १०० पैकी ३०, आणि ४० जणांना ते सोसलेच नाही.

पंधरा दिवसांचा उजळपणा

आता फाउलरच्या द्रवातून निघालेला दुसरा प्रश्न घेऊ, पुरेसे दिवस थांबून पाहिले का? भारतातल्या घरांसाठी हा प्रश्न सर्वांत महागात पडणारा आहे. कारण बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी स्टेरॉइड असलेली मलमे आपल्याकडे वर्षानुवर्षे गोरेपणाची क्रीमे म्हणून वापरली गेली.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य आजारावर, योग्य जागी, ठरलेले दिवस लावले तर ते उत्तम काम करते. ते सूज उतरवते, रक्तवाहिन्या आकसवते आणि त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया मंदावते. म्हणून पंधरा दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ दिसतो. पंधराव्या दिवशी ‘आधी आणि नंतर’चा फोटो काढला तर तो खोटा नसतो. पण काही महिन्यांनी त्याच चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, लव वाढते. मलम थांबवले की चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. हे चक्र तोडणे फार कठीण असते.

हे किती पसरले आहे? देशातल्या निरनिराळ्या शहरांतल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या त्वचेच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या १२६ जणांनी ते गोरेपणाचे किंवा रोजच्या वापराचे क्रीम म्हणून किंवा दाढीनंतर लावण्यासाठी वापरले होते. आणि निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. दुकानदार, मैत्रीण, शेजारीण, नातेवाईक यांच्याकडून नाव कळले होते. ‘मला गुण आला, तूही लाव,’ हे तंजावरच्या गोळीसारखेच झाले.

त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरी घरातल्या ट्यूबवर वर दिलेल्यांपैकी एखादे नाव असेल आणि ती चेहऱ्याला लावली जात असेल, तर एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बरेच महिने वापरली असेल तर एकदम बंद करू नका, कशी कमी करायची हे तेच सांगतील.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध कायदेही आहेत. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानुसार ठरावीक आजारांवर उपचाराची जाहिरात करायलाच बंदी आहे आणि त्या यादीत कोड आहे. कोडाचा रंग काही वेळा आपणहून परत येतो, त्यामुळे कुठल्याही उपायाला श्रेय घेण्याची सोय असते. त्यातच लग्न जुळवण्याच्या वयातली मुलगी घरात असली की आईवडील वाटेल तेवढे पैसे मोजतात. या कायद्याची गरज तिथेच सर्वांत जास्त आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जाहिरात वाचताना सहा प्रश्न

पुढच्या वेळी ‘चाचणीत सिद्ध’ असे वाचले की घरातल्या शाळकरी मुलांनाही सोबत घेऊन हे प्रश्न विचारा. त्यांना यात मजा येते आणि गणितही पक्के होते.

१. कोणाच्या तुलनेत? ‘आधीपेक्षा’ असे लिहिले असेल तर थांबा. साधे क्रीम लावणाऱ्या दुसऱ्या गटाचे काय झाले, ते हवे.

२. किती माणसे? वीस-तीस माणसांवरचा निकाल ही सुरुवात असते, शेवट नव्हे.

३. किती दिवस? रोज, वर्षानुवर्षे लावायच्या वस्तूची चार आठवड्यांची चाचणी अपुरी आहे.

४. काय मोजले? ‘इतक्या टक्के महिलांना त्वचा मऊ वाटली’ हे मत झाले, मोजमाप नव्हे. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ याचा अर्थ बहुधा एवढाच, की ते लावून त्वचेला त्रास होतो का हे पाहिले. त्याने डाग जातात असे त्यातून ठरत नाही.

५. किती जणांनी मध्येच सोडले, आणि का?

६. ‘दुप्पट’ म्हणजे किती? १०० पैकी एकाचे दोन झाले तरी दुप्पटच होते.

याहून खोलात जायचे असेल तर एक दार सर्वांसाठी उघडे आहे. भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे करणे बंधनकारक झाले. तिच्या संकेतस्थळावर आजाराचे किंवा औषधाचे नाव टाकून कोणीही फुकट शोधू शकतो. ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि होमिओपॅथीच्या चाचण्याही तिथे नोंदलेल्या सापडतात. किती माणसांवर चाचणी करणार, मुख्य कसोटी कोणती, ती केव्हा मोजणार, हे तिथे लिहिलेले असते. जाहिरातीत भलत्याच कसोटीचे गुणगान दिसले तर समजावे की मुख्य कसोटीचे काय झाले हे विचारायला हवे.

घरगुती उपायांनाही हेच लागू आहे. तमिळनाडूत काळ्या कुड्याची पाने खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात. तेलाला जांभळा रंग चढतो आणि ते सोरायसिसवर व कोंड्यावर लावतात. ते आजीने सांगितले म्हणून टाकाऊ ठरत नाही आणि आजीने सांगितले म्हणून सिद्धही होत नाही. बाटलीत गेलेले तेल असो की कंपनीचे महागडे क्रीम, दोघांना प्रश्न एकच.

सरफोजी राजांचे कागद

शेवटी पुन्हा तंजावरला येऊ. दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले. धन्वंतरी महाल ही त्यांची वैद्यकशाळा होती, तिथे देशी आणि युरोपीय दोन्ही पद्धतींचे वैद्यक चाले. डोळ्यांच्या उपचारांत राजांना स्वतःला रस होता. त्या काळच्या चाळीसहून अधिक नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही ग्रंथालयात जपलेल्या आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणता आणि पुढे काय झाले, असे त्यांत लिहिले आहे. कॅमेरा नव्हता, म्हणून चित्रकाराकडून रुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून घेतली.

या नोंदींतही दुसरा गट नाही, त्यामुळे आजच्या अर्थाने ती चाचणी नव्हे. पण आठवणीवर विसंबण्यापेक्षा लिहून ठेवण्याची शिस्त तिच्यात आहे, आणि ती आपल्याला घरी उचलता येते. नवे मलम सुरू करायच्या दिवशी तारीख लिहा. त्वचेचा फोटो खिडकीपाशी, रोज त्याच वेळी, त्याच अंतरावरून काढा. सोबत साबण, तेल, आहार किंवा दुसरे औषध बदलले असेल तर तेही लिहा. खाज दहापैकी किती, हा आकडा रोज टिपा. आग झाली, पुरळ आली, तर तेही वगळू नका. अशा वहीने औषध सिद्ध होत नाही, पण डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. आणि महिन्याने आपलीच वही पाहताना पुष्कळदा लक्षात येते की खाज मलम आणण्याच्या दोन दिवस आधीपासूनच कमी होऊ लागली होती.